गाण्याचें गांव

आमच्या कॉलेजांतील गणिताचे एक प्राध्यापक माझे जुने स्नेही आहेत. गणितापेक्षां गाण्यांत त्यांचा जीव अधिक. तरुणपणीं दहाबारा वर्षें त्यांनीं एका गवयाकडे रीतसर तालीम घेतलेली आहे. माझ्या पाश्चात्त्य संगीताच्या नादाकडे ते, शेजाऱ्यानें मांजर पाळावें आणि आपण तें चालवून घ्यावें, अशा सहिष्णु दृष्टीनें पाहतात. परवां बोलतां बोलतां स्पेनचा विषय निघाला. तेथील निरनिराळ्या प्रांतांच्या लोकगीतांवरून मोठमोठ्या रचनाकारांनीं मैफलीच्या संगीतांतील कृति निर्माण केल्या आहेत असें मीं सांगितलें, तेव्हां त्या चाली त्यांना मिळाल्या कोठें, असें त्यांनीं विचारलें. पुष्कळशा छापील संग्रहांत, मी म्हणालों.

"म्हणजे पुस्तकांत?" ते म्हणाले, "मग तें गाणें कसलें? वहींत दाबून ठेवलेलें फूल तें! आकार राहतो, रंगहि थोडा राहतो. वास गेला तो गेलाच."

उपमा चांगली होती. आणि चांगली उपमा ही वादांत फार धोक्याची वस्तु असते, कारण ती पुराव्याचें सोंग घेऊन येते. मीं तेथें वाद वाढविला नाहीं. परंतु प्रश्न कांहीं मनांतून गेला नाहीं. तो केवळ स्पेनपुरता नव्हता. आज तीस वर्षें मी इंग्रजी कविता शिकवीत आहें, आणि ती सगळी मला पुस्तकांतून मिळालेली आहे. पुस्तकांतून आलेलें कधींच कोणाचें होत नाहीं असें एकदां ठरलें, म्हणजे माझ्या आयुष्याच्या जमाखर्चांतील बऱ्याच रकमा मला खोडाव्या लागतील. म्हणून स्पेनच्याच एका लहानशा प्रांताच्या निमित्तानें हा हिशेब पुन्हां तपासून पाहावा, असें मीं ठरविलें.

तो प्रांत आस्तुरियास. स्पेन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें कडक ऊन, गिटार, बैलाशीं झुंजणारा वीर आणि केसांत लाल फूल खोवलेली नर्तकी, एवढीं मंडळी हटकून उभीं राहतात. आस्तुरियासचा त्यांच्याशीं फारसा संबंध नाहीं. देशाच्या उत्तर कडेला, समुद्र आणि कांताब्रियन पर्वत यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टींत तो वसलेला आहे. पाऊस भरपूर, कुरणें हिरवींगार, सफरचंदांच्या बागा. आणि एके काळीं ज्यांच्यावर हजारों कुटुंबें जगलीं त्या दगडी कोळशाच्या खाणी. तेथील जिवाभावाचें वाद्य गिटार नव्हे, गाइता. कातडी पिशवींत हवा भरून ती काखेंत दाबून हें वाद्य वाजवितात. एका नळींतून चाल निघते आणि दुसऱ्या नळीचा एकच सूर खालीं अखंड धरलेला असतो, आपल्याकडे सनईच्या मागें सूर धरून बसणारा असतो तसा. सणाच्या दिवशीं पहांटे गांवाला जाग आणण्यासाठीं जी धून वाजवितात तिला आल्बोरादा म्हणतात. आतां गंमत अशी कीं, या कोपऱ्यांतल्या प्रांताचें नांव अंगावर वागविणाऱ्या तीन कृति जगभर वाजतात. त्यांपैकीं एक एका रशियनाची, दुसरी एका कातालानाची आणि तिसरी अगदीं दक्षिण टोंकाच्या कादिथ शहरांत जन्मलेल्या माणसाची. आस्तुरियासचा रचनाकार त्यांत एकहि नाहीं.

रशियन गृहस्थ म्हणजे रिम्स्की-कॉर्साकॉव. त्याचें 'काप्रिच्चो एस्पान्योल' १८८७ चें. स्पेनमध्यें त्याचें वास्तव्य असें कधीं झालें नव्हतें. होसे इंथेंगा या स्पॅनिश संगीतज्ञानें 'एकोस दे एस्पान्या', म्हणजे 'स्पेनचे प्रतिध्वनि', या नांवाचा लोकगीतांचा संग्रह १८७४ मध्यें प्रसिद्ध केला होता. त्यांतून रिम्स्कीनें चाली उचलल्या, आणि फारसा फेरफार न करतां उचलल्या. कृतीचे भाग पांच. पहिला आणि तिसरा म्हणजे तीच ती आस्तुरियन आल्बोरादा, पट्टी आणि वाद्यें बदललेली. दुसरा आस्तुरियासच्याच एका जुन्या नृत्याच्या चालीचा विस्तार. पांचवा आस्तुरियन फांदांगो. चौथा काय तो जिप्सी गाण्यावर, दक्षिणेकडचा. म्हणजे पांचांतले चार भाग पावसाळी उत्तरेचे! पण हें ज्याला ठाऊक नाहीं त्यानें ती कृति ऐकावी, आणि उन्हाचा उल्लेख केल्यावांचून तिचें वर्णन करून दाखवावें. खंजिऱ्या आणि चिपळ्या कडाडत असतात, व्हायोलिन लखलखत उड्या घेत असतें, आणि शेवटाकडे गति अशी वाढते कीं ऐकणारा खुर्चीच्या कडेला येतो. तालमीच्या वेळीं वादकांनींच टाळ्या वाजविल्या, आणि रिम्स्कीनें ती कृति त्यांनाच अर्पण करून छापील प्रतीवर त्यांचीं नांवें घातलीं, असा तिचा इतिहास आहे. त्याचें स्वतःचें म्हणणें असें कीं, ही चांगली वाद्यांवर बसविलेली रचना नव्हे. ती वाद्यांसाठींच जन्मलेली रचना आहे. हें तंतोतंत खरें आहे; आणि माझ्या मतें तिची मर्यादाहि हीच आहे. चाल तेथें निमित्तमात्र. पहांटेच्या धुक्यांत कोण्या एका गांवीं कोणी तरी ती वाजवीत होतें, ही गोष्ट त्या झगमगाटांत आठवत नाहीं. तरीहि ती कृति मला आवडते. सर्कशीला गेल्यावर वाघाच्या जंगलाबद्दल हळहळत बसणें हा माझा स्वभाव नाहीं.

दुसऱ्या कृतीचें नांवच 'आस्तुरियास'. गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाला ती कधीं तरी वाजवावीशी वाटतेच. वरचा एकच सूर झपाट्यानें पुन्हां पुन्हां छेडला जातो, खालीं अंगठा चाल काढीत राहतो, आणि मध्येंच चाबूक ओढावा तसे स्वरपुंज अंगावर येतात. रचनाकार इसाक आल्बेनिथ (१८६०–१९०९). पण ती मुळांत गिटारसाठीं लिहिलेली नाहीं. ती पियानोची रचना आहे. आणि तिचें नांवहि 'आस्तुरियास' नव्हतें. १८९२ मध्यें 'स्पेनचीं गाणीं' या मालिकेंत ती नुसतें प्रास्ताविक म्हणून आली. त्याच्या आधीं, १८८६ मध्यें, आल्बेनिथनें 'स्पॅनिश संच' म्हणून एक मालिका योजिली होती. तिच्यांत बहुतेक स्पेनच्या प्रांतांचीं व शहरांचीं अशीं आठ नांवें होतीं, आणि त्यांपैकीं चारच तुकडे लिहून झाले होते. तो वारल्यावर १९११ मध्यें लायप्त्सिग येथील त्याच्या जर्मन प्रकाशकानें उरलेल्या रिकाम्या नांवांखालीं त्याच्याच दुसऱ्या रचना नेऊन बसविल्या, आणि या प्रास्ताविकाच्या वांट्याला आस्तुरियास आलें. संगीत मात्र नखशिखांत आंदालुसियाचें. तो गिटारचा झणत्कार दक्षिणेचा, आणि मधला संथ भाग तर आंदालुसियाच्या गायकानें डोळे मिटून काढलेल्या आलापासारखा. ग्रंथालयांत भलत्याच पुस्तकावर भलतीच चिठ्ठी चिकटावी, आणि शंभर वर्षें वाचकांनीं चिठ्ठीवरून पुस्तकाचा विषय ठरवावा, तसा हा प्रकार झाला आहे. एका कार्यक्रमाच्या पत्रिकेंत 'आस्तुरियासच्या डोंगरांतील वादळाचें चित्र' असें या कृतीचें वर्णन मीं स्वतः वाचलें आहे. वादळहि होतें आणि डोंगरहि होते; फक्त डोंगर वेगळे होते.

परंतु नांव खोटें म्हणून संगीत खोटें ठरत नाहीं. आल्बेनिथ जन्मानें कातालान, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या कांप्रोदोनचा. त्यानें लोकगीतें सहसा उचललीं नाहींत, पण आंदालुसियाची चालण्याबोलण्याची ढब त्यानें अशी आत्मसात् केली कीं त्याच्या उत्तरवयांतील 'इबेरिया' या बारा पियानोरचनांपैकीं बहुतेक सगळ्या त्या प्रांताभोंवतींच फिरतात. फ्रेंच लोकांनीं तर याहून धाडस केलें. देब्युसीचा स्पेनशीं परिचय कांहीं तासांचा, आणि १९०३ सालच्या त्याच्या 'ग्रानादामधील संध्याकाळ' या रचनेंत लोकसंगीतांतून उचललेला एकहि तुकडा नाहीं. तरी स्पेनच्या एका थोर रचनाकारानेंच तिला खरी म्हणून पावती दिली. उलट बिझेची फजिती प्रसिद्ध आहे. 'कार्मेन'मधील हाबानेरा लोकगीत समजून त्यानें घेतली, आणि ती इरादिएर नांवाच्या रचनाकाराची निघाली. शेवटीं छापील प्रतींत तसा उल्लेख करावा लागला.

देब्युसीला पावती देणारा तो स्पॅनिश रचनाकार म्हणजे मान्वेल द फाया (१८७६–१९४६), आणि आस्तुरियासचें नांव वागविणारी तिसरी कृति त्याचीच. १९०७ पासून सात वर्षें तो पॅरिसमध्यें होता. १९१४ मध्यें, महायुद्धामुळें स्पेनला परतण्यापूर्वीं, त्यानें 'सात स्पॅनिश लोकगीतें' हा आवाज आणि पियानो यांच्यासाठीं संच पुरा केला. जानेवारी १९१५ मध्यें माद्रिदच्या आतेनेओ या संस्थेंत लुइसा व्हेला हिनें तीं प्रथम गायिलीं, आणि पियानोवर तो स्वतः होता. दोन गीतें मुर्सियाचीं, एक आस्तुरियासचें, एक आरागॉनचें, बाकीचीं बहुतेक आंदालुसियाचीं. सगळीं मिळून पुरीं पंधरा मिनिटेंहि लागत नाहींत. त्यांचीं नांवें मराठी कानाला जरा चमत्कारिक वाटतात. अंगाईगीताला तिकडे 'नाना' म्हणतात, आणि आरागॉनच्या नाचाला 'होता'. 'नाना' आणि 'होता' शेजारीं शेजारीं छापलेले पाहिले कीं पुढें कोणाच्या तरी निधनाची वार्ता येणार असें वाटूं लागतें.

संचांतील तिसरें गीत 'आस्तुरियाना'. गाण्याचा मजकूर एवढाच कीं एक दुःखी जीव सांत्वनाच्या आशेनें एका हिरव्या पाइन वृक्षापाशीं गेला, आणि त्याला रडतांना पाहून तें झाडहि रडूं लागलें. कोण रडतें आहे, कशासाठीं, कांहीं कळत नाहीं. चाल थोड्याच स्वरांत फिरते. तिला घाई नाहीं, मोठी उडी नाहीं, आणि तान तर नाहींच नाहीं. एखादी बाई काम करतां करतां स्वतःशींच म्हणत असावी असा तिचा चेहरा आहे. फायानें काय केलें? रिम्स्कीजवळ वाद्यवृंद होता; याच्याजवळ एकच पियानो. त्यांतहि उजवा हात अगदीं हलक्या आवाजांत बारीक स्वरांची झुळझुळ करीत राहतो. ती गायिकेच्या आधीं सुरू होते आणि तिचें म्हणणें संपल्यावरहि थोडा वेळ चालू असते. तो पाऊस आहे, वारा आहे, कीं तें झाडाचें रडणें आहे, हें तो सांगत नाहीं. पियानो दुःखाची नक्कल करीत नाहीं, गायिकेला धीरहि देत नाहीं. तो नुसता जवळ असतो. खरें म्हणजे गाण्यांतलें झाड जें करतें तेंच पियानो करतो. आणि हें कित्येक वर्षें ऐकल्यावर एके दिवशीं माझ्या ध्यानांत आलें.

हा साधेपणा आपोआप आलेला नव्हता. लुई ल्युका नांवाच्या फ्रेंच लेखकाचें ध्वनिशास्त्रावरील एक पुस्तक फायाला माद्रिदच्या जुन्या बाजारांत मिळालें होतें. त्याच्या आधारें त्यानें अशी विचारसरणी बनविली कीं, स्वरमेळ हा बाहेरून चालीला नेसवावयाचा पोशाख नव्हे. एक स्वर वाजला कीं त्याच्या पोटांतून दुसरे सूक्ष्म स्वर निघतच असतात. चालीची साथ त्यांतून उगवली पाहिजे. हें मीं माझ्या स्नेह्यांना सांगितलें तेव्हां ते प्रथमच सावरून बसले. तंबोरा उत्तम लागला म्हणजे खर्जाच्या तारेंतून गंधार आपोआप ऐकूं येतो, त्याला आपले गवई स्वयंभू गंधार म्हणतात. "म्हणजे त्या गृहस्थानें पियानोचा तंबोरा केला म्हणावयाचा!" ते म्हणाले. मीं ती संधि दवडली नाहीं. फायानें स्वतः १९२८ आणि १९३० मध्यें पॅरिस येथें मारिया बारिएंतोस या गायिकेबरोबर हीं गाणीं ध्वनिमुद्रित केलीं होतीं, आणि हल्लीं असलीं जुनीं मुद्रणें घरबसल्या ऐकावयास मिळतात. तें जुनें, खरखरणारें मुद्रण मीं त्यांना ऐकविलें. बाईंचा आवाज त्यांना रुचला नाहीं. पियानो त्यांनीं पुन्हां लावावयास सांगितला.

१९१७ च्या एका लेखांत फायानें आपलें मत मांडलें आहे. लोकगीतांत अक्षरापेक्षां आत्मा महत्त्वाचा; चालीची लय, तिची स्वररचना आणि तिच्यांतील स्वरांचीं अंतरें यांत तिचें सत्त्व असतें, आणि लोक ती गातांना जी साथ करितात तीहि चालीइतकीच मोलाची असते. हें वाचल्यावर कोणालाहि वाटेल कीं हा मनुष्य आस्तुरियासच्या खेड्यापाड्यांतून हिंडला असेल आणि शेतकऱ्यांच्या ओट्यावर बसून त्यानें ही चाल टिपून घेतली असेल. तसें नाहीं. पुढें संशोधकांनीं मूळ शोधून काढलें, तेव्हां या गाण्यांपैकीं बहुतेकांच्या चाली एकोणिसाव्या शतकांतील छापील संग्रहांत सांपडल्या. कादिथचा हा माणूस पॅरिसमध्यें बसून, देशाच्या दुसऱ्या टोंकाचें गाणें पुस्तकांतून घेत होता. म्हणजे साधन तेंच, जें रिम्स्कीचें. आणि प्रांतहि तोच. पण रिम्स्कीच्या आतषबाजींत आस्तुरियास दिसत नाहीं, आणि फायाच्या अडीच मिनिटांत त्याच्या पावसाचा गारवा अंगाला लागतो.

येथें मला एका म्हातारीची आठवण होते. वॉल्टर स्कॉटनें १८०२–०३ मध्यें स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील पोवाडे प्रसिद्ध केले. कवि जेम्स हॉग याच्या आईनें त्याला कांहीं पोवाडे म्हणून दाखविले होते. पुस्तक पाहिल्यावर ती स्कॉटला तोंडावर म्हणाली कीं हीं गाणीं गावयाचीं होतीं, वाचावयाचीं नव्हतीं. तुम्ही छापून त्यांची जादू मोडली, आतां तीं कोणी गाणार नाहीं. माझ्या स्नेह्यांचें वाळलेलें फूल तें हेंच. दरवर्षीं ही हकीकत मी वर्गांत सांगतों, आणि दरवर्षीं मुलें म्हातारीच्या बाजूचीं होतात. मी त्यांना एवढेंच विचारतों कीं, ती म्हातारी असें बोलली हें आपल्याला कशावरून कळलें? तिच्या मुलानें लिहून ठेवलें म्हणून. फूल वहींत दाबतात हें खरें. पण बीं सुद्धां कागदाच्या पुडींतच जपून ठेवावें लागतें. आतां मीहि उपमाच दिली, तेव्हां तीहि पुरावा म्हणून कोणी धरूं नये.

पुरावा हवा असेल तर तो उपमांत नाहीं, माणसांत आहे. ज्यांनीं हीं पुस्तकें केलीं त्यांच्याकडे आपण सहसा पाहत नाहीं. या साऱ्या चळवळीचा पितामह फेलिपे पेद्रेल (१८४१–१९२२). आल्बेनिथ, ग्रानादोस, फाया हे सारे कमीअधिक प्रमाणांत त्याचे शिष्य. त्याचें स्वतःचें संगीत आज फारसें कोणी वाजवीत नाहीं. पण चार खंडांचा लोकगीतांचा मोठा संग्रह त्यानें हातावेगळा केला, आणि त्याचा अखेरचा शिष्य रोबेर्तो गेरहार्ड हा देशोधडीला लागून केंब्रिजमध्यें राहत असतां त्यानें गुरूच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, १९४१ मध्यें, त्याच संग्रहांतील आठ गाणीं नव्या साथीसह बांधलीं. आस्तुरियासलाहि स्वतःचा संग्राहक मिळाला. ओव्हिएदोचा एदुआर्दो मार्तिनेथ तोर्नेर यानें १९२० मध्यें आपल्या प्रांताच्या पांचशें चाली स्वरलिपींत उतरवून प्रसिद्ध केल्या. पुढें प्रजासत्ताकाच्या काळांत खेड्यापाड्यांत पुस्तकें, नाटकें आणि गाणीं घेऊन जाणारीं शिक्षणपथकें निघालीं, त्यांच्या गायकवृंदाचा तो चालक होता. खेड्यांतून आणलेलें गाणें पुन्हां खेड्यांत नेऊन पोहोंचविणें, ही कल्पनाच मला फार मोठी वाटते. १९३६ च्या यादवीनें तें सारें बुडविलें. तोर्नेर लंडनला गेला आणि १९५५ मध्यें तेथेंच वारला.

त्याला निदान मरण तरी अंथरुणावर आलें. बुर्गोस शहरांत आंतोनियो होसे नांवाचा एक तरुण रचनाकार होता, १९०२ मध्यें जन्मलेला. आपल्या रुक्ष, उंच पठाराच्या प्रदेशांतील गाणीं त्यानें गोळा केलीं, त्यांवरून वाद्यवृंदासाठीं आणि गायकवृंदासाठीं रचना केल्या, आणि त्याच्या संग्रहाला १९३२ चें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. ऑक्टोबर १९३६ मध्यें बंडखोर पक्षाच्या लोकांनीं त्याला शहराबाहेर एस्तेपारच्या माळावर नेऊन गोळी घातली. वय अवघें तेहेतीस. पारितोषिक मिळालेला तो संग्रह छापून निघावयास १९८० साल उजाडावें लागलें. पुस्तकांतलें गाणें म्हणजे मेलेलें गाणें, असें म्हणतांना मला हे लोक आठवतात आणि जीभ अडखळते. ज्यांना तें मेलेलें वाटत नव्हतें त्यांना त्याची किंमत द्यावी लागली.

आपल्याकडे या विषयाचा एक धागा येऊन पोहोंचतो, म्हणून त्याचा उल्लेख करतों. नाहीं तर तो टाळला असता, कारण त्यावर छाती फुगविणारे पुष्कळ आहेत. १९२२ च्या जूनमध्यें ग्रानादाच्या आलांब्रा राजवाड्याच्या पटांगणांत फाया, तरुण कवि लोर्का आणि त्यांचे मित्र यांनीं कांते होंदो या आंदालुसियाच्या जुन्या गायकीची स्पर्धा भरविली. धंदेवाईक गायकांना तिच्यांत मज्जाव होता. त्या प्रसंगीं फायानें एक पुस्तिका लिहिली, आणि या गायकीच्या जडणघडणींत बायझंटाइन चर्चचें गान, अरबांचें आगमन आणि जिप्सींचें स्थलांतर असे तीन प्रवाह दाखविले. हिंदुस्थानच्या गाण्याशीं तिचें साम्यहि त्यानें नोंदविलें आहे : अर्ध्या स्वराहून सूक्ष्म अंतरें, थोड्या स्वरांचा आवांका, एकाच स्वराला पुन्हां पुन्हां येऊन बिलगणें. जिप्सींची भाषा मूळची आपल्याकडची, याबद्दल भाषाशास्त्रज्ञांना शंका नाहीं. त्यांचे नाक, कान, पाणी, मानुष हे शब्द मराठी माणसाला कोणी समजावून देण्याची गरज नाहीं. पण शब्द टिकले म्हणून स्वरहि टिकले, असें म्हणतां येत नाहीं. आंदालुसियांत शेंकडों वर्षें ज्यांनीं तें गाणें गाऊन घडविलें, त्यांचें तें. माझ्या स्नेह्यांना मात्र हा भाग फार आवडला; पुस्तकी गाण्याबद्दलचा त्यांचा राग तेवढ्यापुरता शांत झाला, आणि तो एका पुस्तिकेनेंच शांत झाला, हें मीं बोलून दाखविलें नाहीं.

मला स्वतःला सातांपैकीं सर्वांत जवळचें गीत विचाराल तर तें आस्तुरियाना नव्हे. तें पांचवें, नाना. साऱ्या संचांत हें एकच असें कीं तें त्याला पुस्तकाआधीं भेटलें. अजाण वयांत आईच्या तोंडून तें आपण ऐकलें, असें फाया सांगत असे. पियानोचे स्वर ठोक्यावर न पडतां किंचित् मागून पडतात, पाळण्याला झोंका देणाऱ्या हातालाच झोंप यावी तसे. आवाज एका लहानशा वळणावर येऊन हेलकावतो, खालीं उतरतो, पुन्हां तेथेंच येतो. शेवटीं सगळेंच इतकें मंद होतें कीं गाणें कोठें थांबलें तें नक्की सांगतां येत नाहीं.

ऑगस्ट १९३६ मध्यें लोर्काचाहि खून झाला. ती बातमी फायाला ग्रानादांतच कळली. १९३९ मध्यें तो अर्जेंटिनाला गेला तो परत आला नाहीं. तेथील डोंगरांत आल्ता ग्रासिया या गांवीं १४ नोव्हेंबर १९४६ रोजीं तो वारला, आणि पुढल्या वर्षाच्या आरंभीं त्याचा देह जहाजानें आणून कादिथच्या कॅथीड्रलच्या तळघरांत, समुद्रापासून थोड्याच अंतरावर, पुरण्यांत आला. आंदालुसियाचा सर्वांत थोर संगीतकार म्हणून तेथें लोक त्याला मानतात, आणि तें योग्यच आहे. त्याच्या वडिलांचें घराणें मात्र वालेन्सियाकडचें होतें आणि आईचें कातालोनियाचें. आंदालुसियाची ती नाना तिनेंहि शेजारपाजारच्या कोणा बाईकडून उचललेली असावी.